पाणी ओतलं आणि आग वर चढली

एक प्रयोग सांगते, सुट्टीच्या दिवशी करून बघा. कापसाच्या बोंडातून थेट काढलेला कापूस मिळवा आणि त्यातली सरकी काढून टाका. औषधाच्या दुकानातलाही थोडा कापूस घ्या. दोन्हींचे सारखे बोळे करा आणि पाण्याने भरलेल्या पातेल्यात सोडा. दुकानातला बोळा घटाघटा पाणी पिऊन तळ गाठतो. बोंडातला मात्र आरामात तरंगत राहतो. बोटाने खाली दाबलात तरी पुन्हा वर!

असं का? कच्च्या कापसाच्या प्रत्येक धाग्यावर निसर्गाने मेणाचा अगदी पातळ थर दिलेला असतो, म्हणून पाणी आत शिरत नाही. औषधाच्या कापसाचं मेण कारखान्यात उकळून काढून टाकलेलं असतं.

हे मेण लक्षात ठेवा. आपल्याला आता मुंबईच्या गोदीत जायचंय, १४ एप्रिल १९४४ च्या शुक्रवारी दुपारी.

दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. 'फोर्ट स्टिकीन' नावाचं मालवाहू जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे येऊन दोन दिवसांपूर्वी व्हिक्टोरिया गोदीच्या धक्क्याला लागलं होतं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. बाँब, तोफगोळे, सुरुंग, टॉर्पेडो, सगळं काही! कराचीला थोडा माल उतरला, तशी रिकाम्या जागेत कच्च्या कापसाच्या ८,७०० गाठी, तेलाची पिंपं आणि लाकूड चढवण्यात आलं. पेट घेणारा माल आणि फुटणारा माल एकाच जहाजात! कप्तान नेस्मिथ यांना हे मुळीच पसंत नव्हतं, पण युद्धकाळात जहाजांची टंचाई होती. एरवी दारूगोळ्याचं जहाज गोदीबाहेर थांबवून माल छोट्या पडावांतून आणत. युद्धाच्या घाईत तोही नियम बाजूला पडला होता.

जेवणाच्या सुट्टीनंतर कामगार परतले, तेव्हा जहाजाच्या दोन नंबरच्या कप्प्यातून धूर येताना दिसला. कापूस पेटला होता. कुणाच्या तरी सिगारेटची ठिणगी पडली असावी असा संशय आहे.

कापसाची गाठ यंत्राने दाबून दाबून बांधलेली असते, पण धाग्यांच्या मधे हवा उरतेच. त्या हवेवर आग आतल्या आत धुमसत राहते, बाहेर ज्वाळा दिसतही नाही. वरून पाणी मारलं तर ते मेणावरून ओघळून जातं. (आज अशा आगीसाठी पाण्यात साबणासारखं द्रव्य मिसळतात, म्हणजे ते धाग्यांमधे शिरतं. शिवाय गाठी बाहेर ओढून फोडतात.) त्या दुपारी बंबवाल्यांनी ९०० टनांहून जास्त पाणी जहाजात ओतलं. कप्पा भरत गेला आणि जळत्या गाठी तरंगत वर वर सरकू लागल्या. वरच्या मजल्यावर काय होतं? दारूगोळा! ज्या पाण्याने आग विझायची, तेच पाणी तिला उचलून वर नेत होतं.

जहाजाचा पत्रा इतका तापला की त्याला टेकलेलं पाणी उकळायला लागलं. तीन पन्नासला जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. मागच्या तुकड्यातही दारूगोळा होताच. सुमारे अर्ध्या तासाने तोही उडाला.

लाकडाच्या आगीला बाहेरची हवा लागते, म्हणून ती गुदमरवून विझवता येते. स्फोटकाचं तसं नाही. त्याला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. टीएनटीमधून स्फोटाची लाट सेकंदाला जवळजवळ ७ किलोमीटर वेगाने धावते. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला एक किलोमीटरचा तिसरा हिस्सासुद्धा जेमतेम भरतो! 'फोर्ट स्टिकीन'च्या स्फोटाच्या धक्क्याने 'जलपद्मा' नावाचं जवळपास ४,००० टनांचं जहाज उचललं गेलं आणि त्याची मागची बाजू गोदीतल्या शेडवर जाऊन टेकली. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. भूकंपमापकांनी या स्फोटाची नोंद थेट शिमल्याला केली. नकाशावर मुंबई ते शिमला सरळ रेघ मारा, सुमारे १,४०० किलोमीटर भरतील. जमिनीतून जाणारी सगळ्यात वेगवान लाट सेकंदाला साधारण ८ किलोमीटर धावते. करा भागाकार. तीन मिनिटं! वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवर मात्र सरकारने निर्बंध घातले होते. सविस्तर बातम्या छापायची मोकळीक मिळायला मे महिना उजाडला. जमिनीला कोण गप्प बसवणार?

स्फोटाने जळता कापूस आकाशात उडाला आणि पेटते बोळे मांडवी, मस्जिद बंदरच्या वस्त्यांवर पडले. गोदामांतलं धान्य जळालं. सुमारे ८०,००० माणसं बेघर झाली. मृतांची संख्या कुणी आठशे सांगतं, कुणी तेराशे. गोदीतल्या मजुरांची आणि झोपड्यांत राहणाऱ्यांची धड मोजदादच झाली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या जहाजात सोनंही होतं. एकतीस पेट्यांत मिळून १२४ लगडी, प्रत्येक लगड साधारण पावणेतेरा किलोची. एवढं वजन, पण आकार एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीहूनही लहान, कारण सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड असतं! एक लगड तर दीडेक किलोमीटर उडत जाऊन एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्यांनी ती सरकारला परत केली. काही लगडी गोदीच्या गाळात रुतल्या आणि १९७० च्या दशकातही गाळ काढताना सापडत होत्या. सोन्याला गंज चढत नाही, त्यामुळे चिखलात राहूनही त्या पिवळ्याधमक!

धूर दिसल्यापासून स्फोटापर्यंत बंबवाले होसपाईप धरून जहाजावर आणि धक्क्यावर उभे होते. त्यांच्यातले ६६ जण त्या दिवशी गेले. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती असते हे तुम्हाला ठाऊक आहेच. देशभर त्याच दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि २० तारखेपर्यंत सप्ताह चालतो, तो या ६६ जणांच्या आठवणीसाठी.