हंगामानंतर फवारणी पंपाची निगा

खरिपाची फवारणी संपली की पुष्कळ शेतकरी बंधू पंप तसाच कोपऱ्यात ठेवतात. आत राहिलेले औषध सुकून नोझलचे छिद्र बुजते; बोर्डो मिश्रणातील मोरचूद लोखंडी भाग खाते. म्हणून विहीर व जनावरांचे पाणी यांपासून दूर, पडीक जागी, हातमोजे घालून पंप तीनदा धुवावा. प्रत्येक वेळी दांडा हलवून नळी व नोझलमधून पाणी सोडावे. नोझल तोंडाने कदापि फुंकू नये. २,४-डी या तणनाशकाच्या अंशानेही कपाशीची पाने विकृत होतात. त्यासाठी निराळा पंप राखावा. शेवटी चामडी वायसरास तेलाचे थेंब द्यावेत व टाकी पालथी करून पंप सावलीत, कुलपात ठेवावा. पुढील हंगामात कीड आपल्या दुरुस्तीसाठी थांबणार नाही.