सिएरा लिओन : युद्धानंतरची वस्तुसंग्रहालये आणि वारशाचा प्रश्न

युद्धात एखाद्या देशाच्या सांस्कृतिक वारशाची हानी झाली असे वाचले, म्हणजे फोडलेली कपाटे आणि पळविलेल्या मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे येतात. पश्चिम आफ्रिकेत असे प्रकार घडलेले आहेत. नायजेरियातील ओरोन येथील संग्रहालयात पूर्वजांच्या स्मरणार्थ कोरलेल्या शेकडो काष्ठमूर्ती होत्या. १९६७ ते १९७० या काळातील बियाफ्राच्या युद्धात त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या अथवा चोरीस गेल्या. २०११ साली आयव्हरी कोस्टमध्ये निवडणुकीनंतर उसळलेल्या संघर्षात आबिजानच्या संग्रहालयातून शंभराहून अधिक वस्तू नाहीशा झाल्या. सिएरा लिओनमध्ये घडले ते याहून निराळे होय. तेथील राष्ट्रीय संग्रहालयाचा संग्रह अकरा वर्षांच्या यादवीतूनही पुष्कळसा टिकून राहिला. परंतु त्या वस्तू कशाच्या, कोणी व केव्हा वापरावयाच्या आणि त्यांच्याविषयी काय बोलावे व काय बोलू नये, हे जाणणारी माणसे मात्र मारली गेली किंवा परागंदा झाली. वस्तू राहिली आणि तिच्याभोवतीचे जाणते मंडळ विस्कटले, अशा स्थितीत संग्रहालयाने काय करावयाचे, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन. १७९२ साली नोव्हा स्कोशियाहून आलेल्या मुक्त गुलामांनी ही वसाहत वसविली. त्यांच्या व नंतर मुक्त झालेल्या इतर आफ्रिकनांच्या वंशजांस क्रिओ म्हणतात. दक्षिण व पूर्व भागांत मेंडे, उत्तरेत टेम्ने हे प्रमुख समाज होत. २७ एप्रिल १९६१ रोजी देश ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झाला. २३ मार्च १९९१ रोजी 'रेव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंट' या संघटनेच्या बंडखोरांनी लायबेरियाच्या सीमेवरून प्रवेश केला आणि युद्धास तोंड फुटले. पूर्वेकडील कोनो जिल्ह्यातील हिऱ्यांनी ते पोसले. ६ जानेवारी १९९९ रोजी ते खुद्द राजधानीत शिरले, आणि जानेवारी २००२ मध्ये ते संपल्याचे घोषित झाले. मृतांचा आकडा सामान्यतः पन्नास हजार किंवा त्याहून अधिक धरला जातो. सुमारे निम्मी लोकसंख्या घरदार सोडून पळाली. हात तोडलेल्या नागरिकांची छायाचित्रे जगभर पोहोचली ती याच युद्धातील.

राष्ट्रीय संग्रहालय १० डिसेंबर १९५७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वी तीन वर्षे, सुरू झाले. प्राचीन स्मारके व अवशेष यांच्या रक्षणाचा कायदा १९४६ साली झाला होता व त्यान्वये एक आयोगही नेमला गेला होता. त्या आयोगाचे काम अनेक वर्षे वाहणारे क्रिओ डॉक्टर एम. सी. एफ. ईझमन यांचा संग्रहालयाच्या स्थापनेत मोठा वाटा होता. संग्रहालयास जी जागा मिळाली ती मूळची रेल्वे स्थानकाची व पुढे टेलिफोन कचेरीची. या स्थानकाचा इतिहास भारतीय वाचकांस कुतूहलाचा वाटेल. येथून १९०४ पासून एक छोटी गाडी हिल स्टेशन नावाच्या उंच वस्तीकडे जात असे. हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे भारतात सिद्ध करून रोनाल्ड रॉस १८९९ साली फ्रीटाउनला गेले. त्या संशोधनाचा आधार घेऊन गोऱ्या अधिकाऱ्यांनी टेकडीवर आपली वेगळी वस्ती केली. एका शास्त्रीय शोधातून वर्णभेदाची वसाहत निघाली आणि तिच्या रेल्वे स्थानकात पुढे राष्ट्राचे संग्रहालय आले.

इमारत लहान आहे, संग्रहही मोठा नाही. तथापि त्यातील दोन प्रकारच्या वस्तूंवर थोडे थांबून विचार केला, म्हणजे प्रस्तुत प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

पहिला प्रकार 'नोमोली' या नावाने प्रसिद्ध असलेल्या लहान दगडी मूर्तींचा. या बहुतेक संगजिऱ्यासारख्या मऊ दगडाच्या असतात. डोके मोठे, डोळे बाहेर आलेले, नाक रुंद. शेत नांगरताना, खणताना किंवा हिऱ्यांसाठी माती उपसताना त्या सापडतात. आज त्या भागात राहणाऱ्या मेंडे लोकांनी त्या घडविलेल्या नाहीत. पोर्तुगीज दर्यावर्दी पंधराव्या शतकात या किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांना भेटलेल्या 'सापी' नावाच्या समाजांशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. मेंडे शेतकऱ्याने मात्र या परक्या मूर्तीस आपलेसे केले. भाताच्या खाचरात तिला बसवावयाची, नैवेद्य दाखवावयाचा आणि पीक नीट आले नाही तर तिला फटकेही मारावयाचे, अशी वर्णने जुन्या लेखकांनी नोंदविली आहेत. म्हणजे नोमोलीला दोन आयुष्ये आहेत : एक कर्त्याने दिलेले, जे आपणांस पूर्णपणे ज्ञात नाही, आणि दुसरे सापडल्यानंतर शेतकऱ्याने दिलेले. संग्रहालयाच्या कपाटात ती ठेवली की पहिल्याविषयी तर्क करता येतो. दुसरे मात्र शेतकरी आणि शेत एकत्र असतील तरच चालू राहते. युद्धाने त्या शेतकऱ्यास गिनीतील अथवा लायबेरियातील छावणीत नेऊन टाकले.

दुसरा प्रकार 'सोवेई' मुखवट्यांचा. मेंडे व शेजारच्या समाजांत स्त्रियांची 'सांडे' नावाची गुप्त संस्था आहे (क्रिओ भाषेत तिला 'बुंडू' म्हणतात). मुलींना प्रौढ स्त्रीजीवनाची दीक्षा देण्याचे काम ही संस्था करते. तिच्या नृत्यात प्रकट होणारा देवतास्वरूप मुखवटा डोक्यावरून खांद्यापर्यंत येतो; तो काळा व तुळतुळीत असून कपाळ उंच, ओठ मिटलेले, मानेवर वळ्या आणि केशरचना अतिशय नाजूक असते. खाली काळ्या रंगविलेल्या रॅफिया तंतूंचा पायघोळ पोशाख असतो. आफ्रिकेत मुखवटे घालून नाचणारे सामान्यतः पुरुष असतात. स्त्रियांनी धारण करावयाच्या मुखवट्याची ही परंपरा म्हणून विशेष मानली जाते. कोरणारा सुतार मात्र पुरुषच असतो. मिटलेले ओठ हे मौनाचे चिन्ह आहे : संस्थेत जे शिकविले जाते ते बाहेर बोलावयाचे नाही.

संग्रहालयाच्या दृष्टीने येथे मोठी अडचण उत्पन्न होते. मूकपणा हाच ज्या वस्तूचा अर्थ, तिच्याखाली चिठ्ठी लिहावयाची ती कशी? शांततेच्या काळात याचे उत्तर दाराबाहेर सापडत असे, कारण गावोगाव सांडेच्या वडीलधाऱ्या स्त्रिया होत्या आणि मुखवटा पाहणाऱ्या तरुणीस तो काय आहे हे ठाऊक होते. युद्धात गावे जळाली, दीक्षेची राने ओस पडली, आणि कित्येक मुलेमुली बंदुका हाती घेऊन किंवा बंडखोरांच्या कैदेत वाढली. याखेरीज एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सांडेच्या दीक्षाविधीत मुलींच्या जननेंद्रियाचा छेद करण्याची प्रथा आहे आणि तिच्याविरुद्ध देशात व देशाबाहेर तीव्र आंदोलन आहे. मुखवट्याच्या सौंदर्याची वाखाणणी करून या विधीविषयी गप्प बसणे अभ्यासकास शोभणारे नाही. तसेच विधीच्या निषेधासाठी मुखवटाच दृष्टिआड करणे हेही इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. 'परंपरेचे पुनरुज्जीवन' हे शब्द युद्धोत्तर योजनांत सहज लिहिले जातात. परंतु कोणत्या परंपरेचे आणि कोणासाठी, याचा निर्णय त्या शब्दांत होत नाही.

उत्तम सोवेई मुखवटे आणि नोमोली मूर्ती यांचा फार मोठा भाग फ्रीटाउनमध्ये नाही. तो लंडन, लिव्हरपूल, ब्रायटन, ग्लासगो येथील संग्रहालयांत आहे. वसाहतकाळातील अधिकारी, व्यापारी व मिशनरी यांनी तो नेला. २००९ ते २०१२ या काळात मानवशास्त्रज्ञ पॉल बासू यांच्या नेतृत्वाखाली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने या संग्रहालयांना आणि फ्रीटाउनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला एकत्र आणून विखुरलेल्या वस्तूंची एक सामायिक सूची संगणकावर तयार केली. तिचे वैशिष्ट्य असे की वस्तूंच्या छायाचित्रांबरोबर सिएरा लिओनमध्ये आजही चालणाऱ्या कोरीवकामाच्या, विणकामाच्या व नृत्याच्या चित्रफिती तीत जोडल्या. जाणत्या माणसाला वस्तूजवळ पुन्हा आणून बसविण्याचा हा प्रयत्न होता आणि तो स्तुत्य होता. परंतु ज्या देशात वीज नियमित नाही तेथे संगणकावरील सूची लंडनच्या विद्यार्थ्यास जितकी सुलभ, तितकी बो किंवा केनेमा येथील शिक्षकास नाही. प्रतिमा परत आल्या, वस्तू तेथेच राहिल्या, ही वस्तुस्थिती दृष्टिआड करता येत नाही.

इमारतींच्या बाबतीत मात्र युद्धाने प्रत्यक्ष आघात केला. फुरा बे कॉलेज १८२७ साली चर्च मिशनरी सोसायटीने स्थापिले. १८७६ पासून ते डरहॅम विद्यापीठास संलग्न होते आणि पश्चिम आफ्रिकेत पाश्चात्य पद्धतीचे उच्च शिक्षण देणारी ती पहिली संस्था होय. क्लाइन टाउनमधील तिची १८४० नंतरच्या दशकातील जुनी दगडी इमारत १९५५ साली राष्ट्रीय स्मारक ठरली होती. युद्धात तेथे निर्वासितांनी आश्रय घेतला आणि १९९९ साली ती आगीत जळून नुसत्या भिंती उरल्या. निराश्रितांनी स्मारकात चूल पेटविली म्हणून त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांना दुसरे छप्पर नव्हते.

याच क्लाइन टाउनमध्ये याच्या उलट एक घटना घडली. सिएरा लिओनची सरकारी रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधली गेली. तिचे रूळ अडीच फुटी होते, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेच्याच मापाचे आणि साधारण त्याच वर्षांतले. १९७४-७५ च्या सुमारास ती बंद करून मोडीत काढण्यात आली. कारखान्यातील काही एंजिने व डबे मात्र शिल्लक राहिले. त्यांत १९६१ साली राणी एलिझाबेथ यांच्या दौऱ्यासाठी तयार केलेला डबाही होता. युद्धकाळात या शेडमध्येही विस्थापित माणसे राहिली, तरी एंजिने बचावली. शांतता झाल्यावर तेथे आलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल स्टीव्ह डेव्हिस यांच्या ती दृष्टीस पडली, आणि २००५ साली तेथे रेल्वे संग्रहालय उघडले. युद्धानंतर तीनच वर्षांत उभ्या राहिलेल्या या संस्थेस वादाचा स्पर्श झाला नाही, याचे कारण उघड आहे : एंजिन कोणत्याही जमातीचे किंवा गुप्त संस्थेचे नव्हते. जुन्या रेल्वे नोकरांस ते चालविण्याची व दुरुस्तीची विद्या ठाऊक होती, म्हणजे जाणती माणसे येथे अद्याप जिवंत होती.

सर्वांत कठीण प्रश्न युद्धाच्या स्वतःच्या स्मृतीचा आहे. सत्यशोधन व समेट आयोगाने आपला अहवाल २००४ साली सादर केला. स्मारके उभारावीत अशी शिफारस त्याने केली होती. युद्धगुन्ह्यांसाठी स्थापन झालेले विशेष न्यायालय २०१३ च्या अखेरीस बंद झाले आणि त्याच्या आवारात शांतता संग्रहालय सुरू करण्यात आले. प्रदर्शन, मृतांचे स्मारक आणि न्यायालयाच्या कागदपत्रांचे दप्तर असे त्याचे तीन भाग आहेत. मात्र दप्तराच्या मूळ प्रती नेदरलँड्समधील हेग येथे ठेविल्या असून फ्रीटाउनमध्ये नकला आहेत. मुखवट्यांची जी गत, तीच साक्षींचीही झाली.

परंतु स्मारक हवे हे गृहीत तरी सर्वांस मान्य होते काय? मानवशास्त्रज्ञ रोझालिंड शॉ यांनी युद्धानंतर उत्तरेकडील गावांत केलेल्या अभ्यासातून वेगळे चित्र दिसते. अत्याचाराचे जाहीर कथन पुनःपुन्हा केल्याने हिंसा परत जागी होते, अशी पुष्कळांची धारणा होती. लढून परतलेल्या मुलास घरात घेताना त्याच्या कृत्यांची उजळणी करावयाची नाही, त्याचे हृदय 'थंड' होईल असे विधी करावयाचे, ही त्यांची रीत. हे विस्मरण अज्ञानाचे नव्हे, बुद्धिपुरस्सर होते. दुसऱ्या बाजूस, २००७ साली जॉन कॉकर यांनी सुरू केलेल्या 'फांबुल टोक' या उपक्रमात (क्रिओ भाषेत 'घरातले बोलणे') गावकरी शेकोटीभोवती जमून अपराध कबूल करू लागले, क्षमा मागू लागले आणि पूर्वजांना अर्घ्य देऊ लागले. बोलणे येथेही आहे, पण ते आपल्या माणसांत, आपल्या विधीच्या चौकटीत आहे. भिंतीवर टांगलेल्या छायाचित्रात ही चौकट नसते. ज्याचा हात तोडला गेला त्याला आपले चित्र शाळकरी मुलांनी पाहावे असे वाटते की नाही, हे त्यालाच विचारले पाहिजे. आणि पोटापाण्याची सोय न करता केवळ स्मारक उभारले तर तो काय म्हणेल, याचा अंदाज करणे कठीण नाही. आमच्या मते शांतता संग्रहालयाने वस्तूंची संख्या वाढविण्याच्या मागे लागू नये. साक्षींच्या नकला ज्या त्या जिल्ह्यात, ज्या त्या भाषेत, मागेल त्याला ऐकता येतील आणि नको त्याला टाळता येतील, अशी व्यवस्था अधिक उपयुक्त होईल.

गुलामांच्या व्यापाराचे केंद्र असलेल्या बन्स बेटावरील किल्ल्याचे अवशेष १९४८ पासून संरक्षित आहेत व झाडाझुडपांनी आणि पाण्याच्या माऱ्याने ते खचत आहेत. त्यांचा विचार स्वतंत्र लेखातच करणे योग्य होईल. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत सिएरा लिओनचे पहिले नाव लागले, ते गोला-तिवाई या अरण्यप्रदेशाचे.

राष्ट्रीय संग्रहालयासमोर एक प्रचंड वृक्ष होता. इंग्रजीत त्यास कॉटन ट्री म्हणत. आपल्याकडे पांढरी सावर म्हणतात तीच ही जात. १७९२ साली नोव्हा स्कोशियाहून आलेल्यांनी त्याच्याखाली जमून प्रार्थना केली अशी आख्यायिका आहे. देशाच्या चलनी नोटांवर त्याचे चित्र होते आणि संग्रहालयाचा पत्ताही त्याच्याच नावाने सांगितला जात असे. १९९९ च्या जानेवारीतील जाळपोळीतून तो वाचला. २४ मे २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात व वादळात तो कोसळला. बुंधा तेवढा उभा राहिला.