पेट्रोल जाते कोठे?

जबलपूरने देशाला काय दिले, असे विचारले तर भेडाघाटच्या संगमरवरानंतर मोटारींचे नाव घ्यावे लागते. 1959 साली येथील गन कॅरेज फॅक्टरीत ‘शक्तिमान’ हा लष्करी ट्रक तयार होऊ लागला आणि 1969 साली वाहनांसाठी निराळा कारखानाच उभा राहिला. ‘जोंगा’ ही दणकट गाडी याच शहराची. हे नाव पुष्कळांना एखाद्या आफ्रिकी श्वापदाचे वाटते. वस्तुतः ती ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांची आद्याक्षरे होत. मूळ घडण जपानी निस्सानची, इंजिन सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरचे. सैन्यातून निवृत्त झालेल्या जोंगा लिलावात निघाल्या आणि हौशी लोकांनी त्या घेतल्या. सरकारी पंपावर असताना या गाडीची तहान कोणाला जाणवली नव्हती. खाजगी खिशाशी गाठ पडताच ती जाणवली. अनेकांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले. परंतु इंजिन बदलणे किंवा नवी मोटार घेणे प्रत्येकाला परवडते असे नाही. दारात उभी आहे त्याच गाडीकडून एका लिटरात चार किलोमीटर अधिक कसे काढावेत, हा बहुसंख्य कुटुंबांचा खरा प्रश्न असतो. जबलपुरात काय किंवा नागपुरात काय, गाडी पाहणारा मनुष्य रंगाआधी ‘ॲव्हरेज’ विचारतो, ते उगीच नव्हे.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी पेट्रोल जाते कोठे, हे पाहिले पाहिजे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा फार मोठा भाग धुराड्यातून आणि रेडिएटरमधून हवेत निघून जातो. चाकांपर्यंत पोहोचते ती जेमतेम पाचवा किंवा चौथा हिस्सा. इंजिनाची ही उधळपट्टी मालकाच्या हातची नाही. पण चाकांपर्यंत आलेल्या थोड्याशा शक्तीचे पुढे काय होते, ते मात्र पुष्कळसे चालविणाऱ्याच्या पायावर अवलंबून असते.

हजार किलो वजनाची मोटार ताशी 50 किलोमीटर वेगाने जात आहे असे समजा. तो वेग तिला देण्यासाठी साधारण 15 मिलिलिटर, म्हणजे एक मोठा चमचाभर पेट्रोल खर्ची पडलेले असते. समोर लाल दिवा दिसला आणि ब्रेक दाबला की तो चमचा ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन विरून जातो. असे पासष्ट-सत्तर वेळा झाले की एक लिटर संपले! सदर बाजारातून नेपियर टाउनकडे जाणाऱ्या मनुष्याने दिवसाकाठी किती चमचे सांडले, याचा हिशेब त्यानेच करावा. पुढचा दिवा लाल आहे हे दुरून दिसत असता त्याच्यापर्यंत धावत जाऊन करकचून थांबणे, यासारखा महागडा छंद नाही. दुरूनच पाय उचलावा. गाडी आपल्या वेगाने तेथवर जाते, आणि पुष्कळदा तोवर दिवा हिरवा झालेला असतो.

मोकळ्या रस्त्यावर शत्रू बदलतो. तेथे वारा आडवा येतो. वाऱ्याचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ताशी 80 किलोमीटरऐवजी 100 ने गेल्यास तो सव्वापट नव्हे, दीडपटीहून अधिक होतो. 1978 साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था 45 ते 55 किलोमीटरच्या वेगाचा सल्ला देत आली, तो याचमुळे. आजच्या महामार्गावर तो वेग कोणाला मानवणार नाही. पण शंभरावरून ऐंशीवर येणे काही वानप्रस्थाश्रम नव्हे. टपावरचा रिकामा कॅरियर काढून ठेवला तर वाऱ्याला तेवढाच कमी आधार मिळतो. टायरमधली हवा पंधरवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. मऊ टायर प्रत्येक फेऱ्यात चेपतो, फुगतो, तापतो; ती उष्णताही पेट्रोलचीच.

कारखान्यातल्या मिस्त्रींच्या काही समजुती मात्र पारखून घ्याव्यात. एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढते, हे कार्बुरेटरच्या गाड्यांपुरते बरेचसे खरे. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी सोडतो; फिल्टर बुजला तर जोर कमी पडतो, खप फारसा वाढत नाही. याउलट एक दुखणे सहसा लक्षात येत नाही. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅटचा वॉल्व काढून टाकण्याची रीत आपल्याकडे आहे. त्यामुळे इंजिनाला योग्य ऊब कधी येतच नाही, आणि थंड इंजिन नेहमीच अधिक पेट्रोल मागते. जबलपूरच्या पौषातल्या सकाळी अशा गाडीची भूक पाहण्यासारखी असते. पेट्रोलमध्ये टाकावयाच्या चमत्कारी गोळ्यांविषयी न बोललेलेच बरे.

अलीकडे ॲव्हरेज उतरले असेल तर दोष सर्वस्वी गाडीचा नसेल. 2025 पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळलेले आहे, आणि लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोनतृतीयांश भरते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के घट अंदाजिली होती. म्हणून आपला हिशेब आपणच ठेवावा: टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा टिपावा, तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी आणि भागाकार करावा. डॅशबोर्डवरचा आकडा पुष्कळदा उदार असतो.

1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती, आणि सोयरसंबंधांमुळे त्या रस्त्यावर मराठी कुटुंबांची वर्दळ आजही आहे. नागपूरकडे जाताना सिवनीच्या पुढे कुरईचा उतार लागतो. येथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे, किंवा इंजिनच बंद करणे, ही काटकसरीची जुनी युक्ती. कार्बुरेटरच्या काळात तिने थोडे पेट्रोल वाचतही असे. आता चित्र उलटे आहे. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की पेट्रोलचा फवारा जवळजवळ पूर्ण थांबतो. उतारच चाकांकरवी इंजिन फिरवितो. न्यूट्रलमध्ये टाकताच इंजिन चालू ठेवण्यासाठी तो फवारा पुन्हा सुरू होतो. म्हणजे वाचविण्याच्या नादात खर्चच होतो.

इंजिन बंद केल्यास धोका पेट्रोलचा राहत नाही. ब्रेकला मदत करणारी पोकळी इंजिनामुळे तयार होते. ते थांबल्यावर दोन-तीन दाबांत ती संपते आणि पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली पूर्ण फिरविली गेली तर चाक जागच्या जागी अडकूही शकते. मागे मुले बसलेली, पुढे वळण आणि त्या वळणावर भरलेला ट्रक, अशा वेळी वाचलेले पेट्रोल किती? दोन-तीन किलोमीटरच्या उतारावर ते अर्धा कपही भरत नाही. गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीला तेवढेही लागत नाही, आणि तिचे इंजिन उतारभर स्वतःच ब्रेकचे काम करीत असते.