विमानविद्येचे विद्यापीठीय अध्ययन : सीमास्तराच्या संकल्पनेच्या अनुरोधाने

विमान बांधणे हे कारखान्याचे काम होय आणि ते चालविणे हे वैमानिकाचे. मग विमानविद्या हा विषय विद्यापीठाच्या कक्षेत घेतला जातो, तेव्हा तेथे नेमके कशाचे अध्ययन अभिप्रेत असते, असा प्रश्न सहजच उपस्थित होतो. यंत्रशास्त्र, पदार्थविज्ञान व गणित यांचे निरनिराळे पाठ एकत्र बांधून दिल्याने स्वतंत्र अशी अध्ययनशाखा निर्माण होत नाही. तिला स्वतःचा असा मध्यवर्ती प्रश्न असावा लागतो. विमानविद्येच्या बाबतीत हा प्रश्न एका वाक्यात मांडता येतो : हवेतून जाणाऱ्या घन पदार्थावर हवा कोणते बल लावते आणि का? या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ का सापडले नाही आणि अखेरीस ते कोणत्या मार्गाने हाती आले, हे पाहिल्यास या विषयाच्या अभ्यासक्रमाची रचनाही उलगडते.

गणित आणि अनुभव यांतील विसंगती

अठराव्या शतकात द्रवगतिशास्त्राचा गणिती पाया घातला गेला. फ्रेंच गणिती दालांबेर याने १७५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक विलक्षण निष्कर्ष समोर आला. प्रवाही पदार्थाला श्यानता, म्हणजे अंतर्गत घर्षण, नाही असे मानले, तर त्यातून एकसमान वेगाने जाणाऱ्या वस्तूला काहीही विरोध होत नाही. तिच्यावरील ओढ शून्य येते. नदीत उभा राहणारा कोणीही मनुष्य याच्या उलट साक्ष देईल. गणितात तर चूक सापडेना. परिणामी, विषयाचे दोन भाग पडले. गणितज्ञ घर्षणरहित आदर्श प्रवाहाची सुंदर समीकरणे सोडवू लागले, तर अभियंते प्रत्यक्ष मोजमापांवरून बसविलेल्या सूत्रांच्या आधारे नळ, कालवे व जहाजे यांची कामे करू लागले. या दोन वर्गांत संवाद जवळजवळ उरला नाही.

हवेची श्यानता अत्यल्प आहे. म्हणून ती वगळणे वरवर पाहता योग्य वाटते. तथापि येथेच खरी मेख आहे. एकोणिसाव्या शतकात नाव्हिए व स्टोक्स यांनी श्यानतेसह मांडलेल्या समीकरणांत ही अल्प राशी नेमक्या सर्वोच्च कोटीच्या अवकलजाला गुणलेली असते. ती गाळताच समीकरणाची कोटी कमी होते आणि पृष्ठभागाला टेकलेली हवा पृष्ठभागाच्या सापेक्ष स्थिर असते, ही सीमा-अट पाळणे अशक्य होते. म्हणजे लहान म्हणून टाकलेल्या पदाबरोबर प्रश्नाचे स्वरूपच पालटते.

सीमास्तराची संकल्पना

ही कोंडी लुडविग प्रांट्ल याने फोडली. तो शिक्षणाने अभियंता होता. न्यूरेंबर्ग येथील कारखान्यात लाकडाच्या ढलप्या शोषून नेणारी यंत्रणा सुधारण्याचे काम त्याच्याकडे आले असता, रुंदावत जाणाऱ्या नळीत सिद्धांताप्रमाणे वाढावयास हवा तो दाब वाढत नाही, कारण प्रवाह भिंत सोडून देतो, असे त्याच्या ध्यानात आले. प्रवाह भिंत का सोडतो, हा प्रश्न त्याने मनात ठेवला व १९०४ मध्ये हायडेलबर्ग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत एका छोट्याशा निबंधात त्याचे उत्तर दिले. निबंधाबरोबर हाताने फिरविलेल्या चाकावर चालणाऱ्या पाण्याच्या पन्हळीत घेतलेली प्रवाहाची छायाचित्रे होती.

प्रांट्लचे म्हणणे असे : श्यानतेचा प्रभाव सर्व प्रवाहात सारखा नसतो, तो पृष्ठभागालगतच्या एका अतिशय पातळ थरात एकवटलेला असतो. या थरात हवेचा वेग शून्यापासून बाहेरील प्रवाहाच्या वेगापर्यंत वाढतो. थराबाहेर आदर्श प्रवाहाचे गणित निर्धास्तपणे वापरावे. थराच्या आत मात्र घर्षणाचा विचार करणारी, परंतु थर पातळ असल्याने पुष्कळ सोपी झालेली समीकरणे सोडवावीत. या थरालाच सीमास्तर म्हणतात.

परिमाणांची कल्पना येण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. पंखाची रुंदी १.५ मीटर व वेग सेकंदाला ६० मीटर आहे आणि पंख सपाट पाटीसारखा आहे असे मानू. या स्थितीत रेनल्ड्स अंक सुमारे ६० लक्ष येतो. प्रांट्लचा शिष्य ब्लासियस याने १९०८ मध्ये दिलेल्या उकलीनुसार, प्रवाह शेवटपर्यंत स्तरीय राहिल्यास मागील कडेशी सीमास्तराची जाडी सुमारे ३ मिलिमीटर होते. तोच प्रवाह आरंभापासून संक्षुब्ध असल्यास प्रचलित सूत्रांनुसार जाडी सुमारे २४ मिलिमीटर होते आणि पृष्ठभागावरील घर्षण जवळजवळ सहापट वाढते. विमानाला लागणाऱ्या इंधनाचा मोठा हिशेब अशा रीतीने काही मिलिमीटरांच्या थरात काय घडते यावर अवलंबून राहतो.

याच थरातून पंखाच्या निष्प्रभ होण्याचेही कारण मिळते. पंखाच्या वरच्या बाजूस दाब पुढील भागात किमान असतो व मागे वाढत जातो. सीमास्तरातील मंदावलेल्या हवेला या वाढत्या दाबाविरुद्ध पुढे सरकावे लागते. पंखाचा आपात-कोन फार वाढविल्यास तिची गतिज ऊर्जा अपुरी पडते, ती थबकते, उलट वाहू लागते आणि सारा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो. उत्थापक बल ढासळते व ओढ एकदम वाढते. संक्षुब्ध सीमास्तरात बाहेरील वेगवान हवा सतत मिसळत असल्याने तो अधिक काळ चिकटून राहतो. क्रिकेटचा चेंडू हवेत वळतो तो याच कारणाने : शिवणीच्या बाजूचा सीमास्तर संक्षुब्ध होऊन उशिरा सुटतो, दुसऱ्या बाजूचा लवकर सुटतो आणि दोन्ही बाजूंच्या दाबांत फरक पडतो.

गॉटिंगेनपासून बंगळूरपर्यंत

१९०४ मध्येच प्रांट्ल गॉटिंगेन विद्यापीठात आला. गणिताची जुनी परंपरा असलेल्या या विद्यापीठात उपयोजित विज्ञानास स्थान मिळावे, असा फेलिक्स क्लाइन या गणितज्ञाचा आग्रह होता. तेथे उभारलेले वातविवर, म्हणजे नियंत्रित वेगाची हवा सोडून प्रतिकृतीवरील बले मोजण्याचे साधन, हे व्याख्यानाइतकेच अध्ययनाचे अंग बनले. तेथे शिकलेला थिओडोर फॉन कार्मान पुढे अमेरिकेत पॅसाडीना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेला आणि तेथेही हीच पद्धत रुजली.

भारतात ही परंपरा दोन वाटांनी आली. पहिली वाट डॉ. विष्णू माधव घाटगे यांची. कोल्हापूर परिसरातून आलेल्या घाटग्यांनी गॉटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. बंगळूर येथे वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना निघाला व १९४२ मध्ये त्याच शहरातील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमान-अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. घाटग्यांचा संबंध या दोन्हींशी होता. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे प्रशिक्षण-विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये प्रथम उडाले.

दुसरी वाट डॉ. सतीश धवन यांची. पॅसाडीना येथे हान्स लीपमान यांच्या हाताखाली त्यांनी पृष्ठभागावरील घर्षण प्रत्यक्ष मोजण्याचा प्रश्न हाती घेतला. तोवर हे घर्षण बहुधा वेगाच्या मोजमापांवरून अप्रत्यक्षपणे काढले जाई. धवन यांच्या उपकरणात भिंतीचाच एक लहान तुकडा बारीक फट ठेवून अलग केलेला असे. हवेच्या घर्षणाने तो जे अत्यल्प सरके, त्यावरून बल कळे. १९५१ मध्ये ते बंगळूरच्या संस्थेत आले. तेथे त्यांचे विद्यार्थी रोद्दम नरसिंह यांच्यासह त्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध स्तरीय सीमास्तर संक्षुब्ध होताना मधल्या पट्ट्यात काय घडते याविषयी आहे. या पट्ट्यात संक्षोभाचे ठिपके उमटतात व प्रवाहाबरोबर पसरतात. कोणत्याही बिंदूपाशी प्रवाह किती काळ संक्षुब्ध असतो, या अंशाची वाटणी एका सर्वसामान्य नियमाने होते, असे त्यांनी दाखविले. साधी साधने आणि नेमका प्रश्न यांच्या बळावर झालेले हे संशोधन आजही आधारभूत मानले जाते.

अभ्यासक्रमाचा अर्थ

या इतिहासावरून अभ्यासक्रमातील अंगे एकमेकांशी कशी निगडित आहेत हे स्पष्ट होते. समीकरणातील कोणते पद कोठे वगळता येते हे गणित शिकविते. वगळणे योग्य ठरले की नाही हे वातविवर सांगते. आणि त्या निर्णयाची किंमत किती, हे आराखड्यात दिसते. विमानविद्येच्या जोडीला आता अवकाशविद्या आली असली, तरी हा संबंध तुटलेला नाही. पृथ्वीच्या वातावरणात परतणाऱ्या यानाच्या कवचाला किती उष्णता पोहोचते, हे बऱ्याच अंशी त्याच्या सीमास्तरावर आणि तो कोठे संक्षुब्ध होतो यावर ठरते.

संगणकाच्या साहाय्याने प्रवाहाची उकल करणे आज विद्यार्थ्यांना सुलभ झाले आहे. हा लाभ मोठा आहे. तथापि त्यात एक जुना धोका दडलेला आहे. रेनल्ड्स अंक वाढतो तसे पूर्ण समीकरणे सोडविण्याचे श्रम इतके वाढतात, की संपूर्ण विमानासाठी संक्षोभाचे व संक्रमणाचे स्थूल नमुने वापरावे लागतात. आणि या नमुन्यांतील स्थिरांक प्रयोगांतूनच आलेले असतात. पडद्यावर उमटलेली रंगीत आकृती कोणत्या गृहीतावर उभी आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याची अवस्था दालांबेरचा निष्कर्ष अक्षरशः खरा मानणाऱ्यासारखी होते. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्याने निदान एकदा तरी सपाट पाटीवरील वेगाचे मोजमाप स्वतः करावे, ते ब्लासियसच्या वक्राशी ताडून पाहावे आणि दोहोंत जेथे अंतर पडते तेथे त्याचे कारण शोधावे. विभागाची प्रयोगशाळा लहान असली तरी एवढे तेथे साधता येते, आणि पुढील सर्व संशोधनाला लागणारी पारख येथूनच तयार होऊ लागते.