मुलांना नक्षत्रं शिकवताय? फोन कधी काढायचा आणि कधी खिशात ठेवायचा

गेल्या जानेवारीत रात्री आठच्या सुमारास गच्चीवर नऊ वर्षांच्या भाचीला मृग नक्षत्र दाखवत होतो. पूर्वेच्या बाजूला, बऱ्यापैकी वर, एका रांगेतले तीन तारे लख्ख दिसत होते. भाचीच्या हातात फोन, त्यात आकाशाचं ॲप. ती म्हणाली, "मामा, तुझं चुकतंय. मृग तिकडे आहे," आणि तिने पाण्याच्या टाकीच्या दिशेने, उत्तरेकडे बोट केलं. तिकडे असं काहीच नव्हतं. पण तीन तारे डोळ्यांसमोर असूनही तिचा विश्वास स्क्रीनवर होता.

गडबड फोनच्या कव्हरची होती. फ्लिप कव्हरला बंद राहण्यासाठी छोटं चुंबक असतं, त्याने फोनचं होकायंत्र फिरवलं होतं. कव्हर काढलं, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-चार वेळा फिरवला आणि मृग जागेवर आला.

घरात लहान भावंडं, भाचे-पुतणे असतील तर त्यांना तारे दाखवण्यासाठी तुमच्या खिशातला फोन खरंच कामाचा आहे. फक्त तो काय करतो आणि कुठे फसतो, हे आधी आपल्याला माहीत हवं.

फोनला आकाश कसं कळतं?

पहिला गैरसमज: ॲप कॅमेऱ्यातून तारे ओळखतं. बहुतेक ॲप तसं करत नाहीत. कॅमेऱ्यावर हात ठेवलात तरी ती चालतात, कारण त्यांना लागतात चार गोष्टी.

१. तुम्ही कुठे आहात: हे जीपीएसवरून कळतं.
२. आत्ता किती वाजले: फोनचं घड्याळ.
३. फोन किती कललाय: ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, म्हणजे 'खाली' कुठे ते त्याला कळतं.
४. फोनचं तोंड कुठे आहे: मॅग्नेटोमीटर, म्हणजे फोनमधलं होकायंत्र. फोन फिरवताना चित्र अडखळू नये म्हणून जायरोस्कोप मदत करतो.

ताऱ्यांची यादी ॲपमध्येच असते. साध्या डोळ्यांना दिसू शकतील असे तारे पूर्ण आकाशात मिळून साधारण ९ हजार. एवढी यादी फोनला किरकोळ आहे. म्हणून गावाला रेंज नसली तरी ॲप चालतं.

या चौघांत सगळ्यात कच्चा गडी म्हणजे होकायंत्र. चुंबकाचं कव्हर, गाडीचं बॉनेट, लोखंडी कठडा, स्पीकर यांच्याजवळ ते हमखास फसतं. काही स्वस्त फोनमध्ये ते नसतंच, मग आकाश बोटाने सरकवावं लागतं.

आधी एवढं करून ठेवा

ॲप कोणतं? 'स्काय मॅप' हे २००९ मध्ये गूगलने आणलेलं ॲप आता मुक्त स्रोत म्हणून चालतं. 'स्टेलॅरियम' आणखी सविस्तर आहे. सुरुवातीला दोन्हीपैकी काहीही चालेल.

लोकेशनची परवानगी देताना 'ॲप वापरताना फक्त' आणि 'अंदाजे' हे पर्याय निवडा. ताऱ्यांसाठी तुमची गल्ली कळायची गरजच नाही. तुम्ही उत्तरेला किंवा दक्षिणेला साधारण १११ किलोमीटर गेलात तर आकाश जेमतेम १ अंशाने सरकतं. तेव्हा एखादं ॲप अचूक लोकेशनसाठी अडून बसलं तर ते कशाला हवंय, हा प्रश्न विचारायलाच हवा. मुलांच्या फोनवर तर नक्कीच.

ॲपमधला लाल नाइट मोड चालू करा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या स्क्रीनकडे एकदा पाहिलं की ती मोडते. मंद लाल प्रकाशाचा त्रास कमी होतो.

आणि ॲपमध्ये दिसणाऱ्या ताऱ्यांची संख्या कमी करा. शहरात डोळ्यांना मोजके तारे दिसतात. स्क्रीनवर हजारो दिसले की मुलं गोंधळतात.

सुरुवात मृगापासून

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने आकाशाचे ८८ तारकासमूह ठरवलेत. आपल्याकडे चंद्राच्या वाटेवरची २७ नक्षत्रं आहेत. मुलाला यातली सगळी शिकवायच्या फंदात पडू नका. तीन-चार पक्की झाली की बाकीची त्यांच्या आधाराने सापडतात.

डिसेंबर ते मार्च संध्याकाळनंतर मृग सगळ्यात सोपं. गोष्ट सांगा: चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय, मधले तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण. बाण कोणी मारला? त्या तीन ताऱ्यांची रेघ आग्नेयेकडे वाढवा, जो ठळक तारा लागेल तो व्याध. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा हाच. रेघ उलट दिशेला वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा झुबका.

मग रंग बघायला सांगा. मृगातला बीटलज्यूस तांबूस आणि रायजेल निळसर पांढरा. निळसर तारा जास्त तापलेला असतो, तांबूस कमी. मुलांना हे उलटं वाटतं, कारण घरातल्या नळावर लाल म्हणजे गरम!

एप्रिल-मेमध्ये उत्तरेला सप्तर्षी घ्या. पतंगाच्या चार ताऱ्यांपैकी शेपटीपासून लांबचे दोन, क्रतू आणि पुलह. त्यांची रेघ पुलहाकडून क्रतूकडे साधारण पाचपट वाढवली की ध्रुव. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून बारीक अरुंधती. ती कोणाला दिसते यावर गच्चीत पैज लागतेच.

इथे एक सावधगिरी. सप्तर्षी कधीच मावळत नाहीत, असं इंग्रजी व्हिडिओंमध्ये सांगतात. लंडनमध्ये ते खरं आहे. महाराष्ट्रातून ते मावळतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी तर दिसतच नाहीत. तेव्हा उत्तरेला इंग्रजी 'एम'सारखी शर्मिष्ठा शोधा. ती सगळ्यात वर असताना तिच्या खाली साधारण तीन मुठींवर ध्रुव असतो.

मुठीने आकाश मोजा

हात पूर्ण ताणून समोर धरला की बंद मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. करंगळीची रुंदी साधारण १ अंश. लहान मुलाची मूठ छोटी, पण हातही तेवढाच आखूड, त्यामुळे हिशोब तोच राहतो.

आता खरी गंमत. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितकाच जवळपास तुमच्या गावाचा अक्षांश. मुंबईत १९, पुण्यात साडेअठरा, नागपुरात २१, पणजीत साडेपंधरा. म्हणजे मुंबईच्या मुलाला ध्रुव दोन मुठींपेक्षा किंचित खाली सापडेल. लंडनमधल्या मराठी मुलाला तो पाच मुठींवर दिसेल. मुलाकडून आधी मुठी मोजून घ्या, मग फोनमध्ये अक्षांश बघा. उत्तर जुळलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

हे कळून उपयोग काय?

हा प्रश्न मुलं विचारतातच, आणि विचारायलाच हवा.

दिशा: ध्रुव दिसला की उत्तर मिळाली. ध्रुव झाकलेला असेल तर मृगाच्या बाणातला सगळ्यात आधी उगवणारा तारा जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. बॅटरी संपली, रेंज गेली, तरी हे चालतं. शेकडो वर्षं दर्यावर्दींनी याच भरवशावर समुद्र पार केले.

घड्याळ आणि कॅलेंडर: प्रत्येक तारा रोज ४ मिनिटं आधी उगवतो, म्हणजे महिन्याला २ तास. आज रात्री आठला उगवलेला तारा महिन्याने सहालाच उगवलेला असेल. आपल्या महिन्यांची नावंही इथूनच आली. त्रिपुरारी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास, म्हणून कार्तिक. दत्तजयंतीचा चंद्र मृगशीर्षाजवळ, म्हणून मार्गशीर्ष. पौर्णिमेच्या उजेडात कृत्तिका पुसट होतात. अशा वेळी मात्र ॲप काढा आणि चंद्र कुठे आहे ते तपासा.

शेती: ७-८ जूनला 'मृग लागलं' असं आपण म्हणतो. पण त्या रात्री मृग शोधायला जाल तर मिळणार नाही. त्या दिवसांत सूर्यच त्या भागात असतो, त्यामुळे ते तारे दिवसा सूर्यासोबत वर येतात. ॲपमध्ये तारीख ८ जून करा, दुपारी बाराची वेळ टाका आणि सूर्य कुठे आहे ते मुलाला दाखवा. आजोबांचं 'मृगाचा पाऊस' आणि फोनमधलं आकाश एकाच जागी येऊन भेटतात.

अवकाशयान: यानाला होकायंत्राचा उपयोग नाही, म्हणून ते ताऱ्यांवरूनच आपलं तोंड कुठे आहे ते ठरवतं. त्यासाठी 'स्टार सेन्सर' नावाचा छोटा कॅमेरा असतो. तो ताऱ्यांचा फोटो काढतो, त्यांच्यातली अंतरं मोजतो आणि आपल्या यादीशी जुळवतो. थोडक्यात, तुमची भाची गच्चीत करते तेच. १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर यानं त्यासाठी अगस्तीचा तारा वापरायची. जानेवारी-फेब्रुवारीत व्याधाच्या बऱ्याच खाली, दक्षिणेला हा अगस्ती महाराष्ट्रातून दिसतो. लंडनहून कधीच दिसत नाही.

२००८ मध्ये गेलेल्या चांद्रयान-१ चे स्टार सेन्सर पुढच्याच वर्षी बिघडले. तेव्हा इस्रोने जायरोस्कोपसारख्या दुसऱ्या साधनांच्या आधाराने यानाची दिशा सांभाळली आणि ऑगस्ट २००९ मध्ये संपर्क तुटेपर्यंत काम चालू ठेवलं. एक साधन दगा देतं तेव्हा दुसरं माहीत असावं लागतं, ते असं.

महिन्याभराचा सोपा बेत

पहिला आठवडा: फोन खिशात. एकच नक्षत्र, एकच गोष्ट. मुलाला वहीत ठिपके काढू द्या.

दुसरा आठवडा: तेच नक्षत्र, त्याच वेळी, त्याच जागेवरून. टाकी, झाड किंवा समोरची इमारत यांच्या तुलनेत ते किती सरकलं, ते वहीत लिहा.

तिसरा आठवडा: मुठीने मोजणी. फोन फक्त शेवटी, उत्तर तपासायला.

चौथा आठवडा: फोनची परीक्षा. मुद्दाम चुंबक जवळ न्या, ॲप कसं भरकटतं ते दाखवा आणि चूक मुलालाच पकडू द्या.

भाचीला चौथा आठवडा सगळ्यात आवडला. आता कोणी ॲप काढलं की ती आधी मृगाचे तीन तारे शोधते, मग फोनकडे बघते आणि विचारते, "कव्हर काढलंयस ना?"