फ्रान्सची सुटी: आधी कॅलेंडर, मग नकाशा

आपल्याकडे उन्हाळ्याची सुटी मेमध्ये ऐन भरात असते आणि जूनच्या मध्याला शाळेची घंटा वाजते. फ्रान्समधल्या शाळांना सुटी लागते ती जुलैच्या सुरुवातीला, आणि ती ऑगस्टअखेरपर्यंत चालते. म्हणून मुलांना घेऊन फ्रान्सला निघताना पहिला निर्णय हाच घ्यावा लागतो: आपल्या सुटीत जायचं की त्यांच्या?

मेमध्ये हवा छान असते. पण १ मेला लूव्र आणि व्हर्साय दोन्ही बंद असतात. ८ मेलाही सार्वजनिक सुटी. त्यात ईस्टरचा रविवार धरून चाळीसाव्या दिवशी एक धार्मिक सुटी येते, ती कायम गुरुवारीच. मग शुक्रवारची रजा टाकून लोक चार दिवस गाठीला बांधतात. याला ते ‘पाँ’ म्हणजे पूल म्हणतात. त्या दिवसांत गाड्या आणि हॉटेलं भरलेली असतात, तेव्हा त्या तारखा आधीच पाहून ठेवा. आणि फोटोतली जांभळी लॅव्हेंडरची शेतं मेमध्ये दिसत नाहीत. तो बहर जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा. अनेकजण इथे फसतात.

जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र पोहण्याजोगा असतो आणि जुलैत रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड राहतो. मात्र तेव्हा अख्खा देश रस्त्यावर असतो. फ्रान्समध्ये १९३६ साली कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आज ती पाच आठवड्यांची आहे. त्यातली मोठी रजा लोक उन्हाळ्यात घेतात. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आता व्हिसा. फ्रान्स शेंगेन गटात आहे, म्हणजे एका व्हिसावर युरोपातल्या अनेक देशांत फिरता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नका, कारण आपल्याकडच्या सुटीच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणंच अवघड होतं. लहान मुलाचाही अर्ज स्वतंत्र असतो.

अर्ज अडतो तो बहुधा तारखांवर. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि त्यात पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस धरलेला हवा. हॉटेल, विमान आणि विमा या तिन्हींच्या तारखा एका कागदावर मांडून जुळवून पाहा. फ्रान्समध्ये सहा रात्री आणि स्वित्झर्लंडमध्ये सात असतील, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे जातो. जिथे मुक्काम जास्त, तिथे अर्ज.

मग मार्ग. फ्रान्सचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पावणेदोनपट भरेल, म्हणून दोन आठवड्यांत ‘सगळा फ्रान्स’ होत नाही. मुलं बरोबर असतील तर तीन मुक्काम पुरेत. उदाहरणार्थ पॅरिस, ल्यों आणि दक्षिणेकडचा प्रोव्हाँस. रोज बॅगा भरण्यात गेलेली सकाळ परत मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

हा बेत शेवटाकडून आखा. खेड्यातलं भाड्याचं सुसज्ज घर, ज्याला तिथे ‘जीत’ म्हणतात, ते जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक शनिवार ते शनिवार असंच मिळतं. मग उलटं मोजा: शनिवारी प्रोव्हाँसमध्ये पोहोचायचं, त्याआधी तीन रात्री ल्यों, त्याआधी पाच रात्री पॅरिस, म्हणजे पॅरिसला उतरायचं शुक्रवारी. आधी विमानाचं स्वस्त तिकीट काढलं आणि मग घर शोधायला गेलं, की मधले दोन दिवस लोंबकळत राहतात. घर ठरवताना चादरी-टॉवेल आणि शेवटची साफसफाई भाड्यात धरली आहे का, हेही विचारा. पुष्कळदा ते पैसे वेगळे असतात.

शहरातून शहरात जायला टीजीव्ही ही वेगवान रेल्वे उत्तम. पॅरिस ते ल्यों दोन तास. तिकिटं जितक्या लवकर काढाल तितकी स्वस्त.

पहिला घोळ होतो तो स्टेशनच्या नावांवरून. ‘गार द ल्यों’ हे स्टेशन ल्योंमध्ये नाही, पॅरिसमध्ये आहे. तिथून ल्योंकडे गाड्या सुटतात. ल्योंमध्ये आपल्याला उतरायचं असतं बहुधा पार-दिय स्टेशनवर. पुढे प्रोव्हाँसमधल्या आव्हिन्याँ शहराची स्टेशनंही दोन: एक गावात, आणि टीजीव्हीचं गावाबाहेर. तिकिटावरचं स्टेशनचं नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.

दुसरा घोळ वेळेचा. प्लॅटफॉर्मचा क्रमांक फलकावर साधारण वीस मिनिटं आधी लागतो, आणि गाडीची दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. आपली गाडी दिसेपर्यंत सगळ्यांनी एकत्र उभं राहा, तेवढ्यात कुणी पाण्याची बाटली आणायला जाऊ नये. हमालाच्या भरवशावर राहू नका, बॅगा आपणच चढवायच्या असतात. म्हणून घरातल्या प्रत्येकाला स्वतः उचलता येईल एवढीच बॅग द्या, आणि तिच्यावर नावाची चिठ्ठी लावा. तसा नियमच आहे.

प्रोव्हाँसच्या खेड्यांत मोटारीवाचून अडतं. ती आव्हिन्याँच्या टीजीव्ही स्टेशनवरच घेता येते. निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. गिअर स्वयंचलित हवा असेल तर आरक्षण करतानाच तसं सांगा, नाहीतर हाती चालवायचे गिअर मिळण्याची शक्यता जास्त. दहा वर्षांखालच्या मुलांनी मागे बसायचं, आणि त्यांच्या उंचीला साजेशी खुर्ची लागते.

गाडी उजवीकडून चालवायची हे सगळ्यांना ठाऊक असतं. चूक होते ती पुढच्या नियमात. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो अगदी गल्लीतून आलेला का असेना. गावात शिरलात की उजवीकडे नजर ठेवा. टोलनाक्यावर फक्त नारिंगी ‘टी’ असलेल्या रांगेत जाऊ नका, ती मासिक टॅगवाल्यांची असते. बँकेच्या कार्डाची खूण असलेली रांग धरा.

आणि शनिवार टाळा. ‘बिझाँ फ्युते’ ही सरकारी सेवा दिवसांना रंग देते: हिरवा, नारिंगी, लाल, काळा. जुलैवाले घरी परततात आणि ऑगस्टवाले निघतात, त्या शनिवार-रविवारी रंग हमखास लाल किंवा काळा असतो. घराचा ताबा शनिवारीच मिळणार असेल तर लांबचा पल्ला रेल्वेने गाठा आणि मोटार शेवटच्या तासापुरतीच ठेवा. वर सांगितलेल्या बेताचं कारण हेच.

आता जेवण. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आमचा पहिला वाईट दिवस जेवणामुळेच गेला होता. दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीच वाजता दोन भुकेली मुलं घेऊन आम्ही एका गावात पोहोचलो, तर स्वयंपाकघर बंद झालेलं. रात्री सात-साडेसातशिवाय ते उघडणार नव्हतं. त्या दिवसापासून साडेबारा वाजले की जिथे असू तिथे जेवायचं, असा आमचा नियम झाला. सकाळी बेकरीतून पाव, चीज आणि फळं घेऊन ठेवली तर ही धास्तीच राहत नाही. रविवारी दुपारनंतर खेड्यातली दुकानं बहुतेक बंद होतात, तेव्हा शनिवारीच सामान भरा.

शाकाहारी मंडळींनी ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नये. सॅलडमध्ये ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सर्रास असतात, आणि भाजीचं सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. ‘साँ व्हियाँद, साँ प्वासों’ म्हणजे मांसाशिवाय, माशाशिवाय, असं सांगा आणि लार्दोंचं नाव घेऊन विचारा. अंडं चालत असेल तर ऑम्लेट सगळीकडे मिळतं. ‘गालेत’ हा ब्रिटनी प्रांतातला कुट्टूच्या पिठाचा पातळ डोसाच जणू, चीज-मशरूम घालून मुलं आवडीने खातात. काटेकोर शाकाहारी असाल तर हे माहीत असू द्या की कोंते, रोकफोर यांसारखी पारंपरिक चीज जनावराच्या जठरातल्या विरजणाने करतात.

जीतमध्ये स्वयंपाकघर असतं, त्याचा पुरेपूर उपयोग करा. पॅरिसमध्ये गार द्यु नॉर स्टेशनजवळच्या ला शापेल भागात तमिळ लोकांची दुकानं आहेत, तिथून तूरडाळ आणि मसाले घेऊन ठेवा. दहा दिवसांनी वरणभाताची आठवण मोठ्यांनाच आधी येते.

हॉटेलात पाणी मागताना ‘काराफ दो’ म्हणा, म्हणजे नळाचं पाणी जग भरून येतं, फुकट. आणि दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’. ते न म्हणता थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणाचं वाटतं. निम्मे रूक्ष अनुभव या एका शब्दाच्या अभावी येतात.

दक्षिणेत दुपार तापते आणि जुन्या घरांत एसी नसतो. सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या आणि बाहेरच्या लाकडी झडपा दोन्ही लावून घ्या, सूर्य मावळला की उघडा. आपल्याला सवय उलट असते, खिडक्या उघड्या टाकून वारा घ्यायची. जाड दगडी भिंती आणि बंद झडपा यांनीच ती घरं थंड राहतात.

शेवटी पोहण्याचे कपडे. सार्वजनिक तलावात मुलांना आणि पुरुषांना सैल, गुडघ्यापर्यंतची चड्डी चालत नाही. अंगाला घट्ट बसणारीच लागते, आणि बऱ्याच ठिकाणी टोपीही. स्वच्छतेसाठी हा नियम आहे आणि तो काटेकोरपणे पाळतात. चाळीस अंशांच्या दुपारी दारातून परत फिरावं लागू नये म्हणून ती चड्डी बॅगेत अगदी वर ठेवा.