गंगापूरहून पुढे, नांदूरमध्यमेश्वरपर्यंत

मुंबईच्या उपनगरांना तलाव नाहीत असं नाही. विहार आहे, तुळशी आहे, पवई आहे. पण विहार आणि तुळशी पिण्याच्या पाण्याचे, त्यात राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतले, त्यामुळे तिथे मनात आलं म्हणून जाता येत नाही. पवईच्या काठावर फिरायला जावं तर पुष्कळ पाणी जलपर्णीखाली झाकलेलं. मग मुलुंड-घाटकोपरची मंडळी शनिवारी पहाटे गाडी काढतात आणि नाशिकचा रस्ता धरतात. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसाऱ्याचा घाटही टाळता येतो.

इगतपुरी-घोटीच्या पुढे डाव्या हाताला डोंगरांआड अप्पर वैतरणा धरण आहे. रस्त्यावरून ते दिसत नाही, गाडीतल्या कुणाला आठवतही नाही. पण वैतरणेचं पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून आपल्याच नळांना येतं. म्हणजे नाशिक जिल्ह्याचं पाणी आपण रोज पितो आणि सुट्टीच्या दिवशी नाशिकलाच पाणी पाहायला जातो. निदान लहान मुलांना हे जाता जाता सांगावं.

नाशिक शहर ओलांडून गंगापूर रोडने निघालं की आनंदवल्ली लागते. राघोबादादांचा वाडा, सोमेश्वरचं मंदिर आणि तिथला धबधबा हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर जागा खर्च करत नाही. पुढे गंगापूर धरण. गोदावरीवरचा हा जवळपास चार किलोमीटर लांबीचा मातीचा बांध १९६५ साली पूर्ण झाला. नाशिकची तहान तो भागवतोच, पण त्याच्या पाण्यामुळे भोवतालच्या टेकड्यांचं रूपही पालटलं. राजीव सामंत यांनी १९९९मध्ये इथे सुला ही वायनरी सुरू केली, २००१मध्ये राज्याचं वाईन धोरण आलं आणि मग एकामागून एक वायनरी उभ्या राहिल्या. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं. आज गच्चीवर बसायचं, समोर बागेच्या रांगा, त्यापलीकडे धरणाचं पाणी, हा बेत ठरलेला असतो. बोट क्लब आहे, राहायला रिसॉर्ट आहेत. सूर्यास्त खरोखर सुंदर दिसतो. पण सुट्टीच्या दिवशी तिथे इतकी गर्दी असते की पाण्याचा आवाज कानावर येत नाही, आणि बहुतेक जण पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की गंगापूरला थांबू नका. तीच गोदावरी धरून खाली निफाड तालुक्यात जा. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ब्रिटिश अमदानीत, कालव्यांना पाणी वळवण्यासाठी तो बांधला गेला. या कालव्यांवर खालच्या नगर जिल्ह्यातली शेती उभी राहिली. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाण्यात बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि कुणी न ठरवता पक्ष्यांसाठी दलदल तयार झाली. १९८६मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२०मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आल्याची घोषणा झाली. हा मान मिळवणारं महाराष्ट्रातलं हे पहिलं पाणथळ ठिकाण.

अभयारण्याच्या चापडगावच्या फाटकाशी आम्हाला गाईड मिळाला. वय तिशीचं, याच गावचा. घरी द्राक्षाची बाग आहे, ती वडील आणि भाऊ बघतात. हिवाळ्यात हा गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर स्पॉटिंग स्कोपची तिकाटी घेऊन बंधाऱ्याच्या कडेने फिरतो. पहिलं वाक्यच त्याने असं टाकलं: “दुर्बीण मागून. आधी नुसत्या डोळ्यांनी बघा, पाणी कुठं हलतंय ते.” आमच्यातल्या छोट्या मुलीच्या उंचीला त्याने आधी स्कोप बसवला आणि मोठ्यांना वाकायला लावलं.

त्याने दाखवलेली एक गोष्ट मी विसरणार नाही. काठाच्या लव्हाळ्यात एक जांभळी पाणकोंबडी होती. तांबडी चोच, तांबडे लांबलचक पाय. तिने एक कोवळा देठ चोचीने उपटला, पायाच्या बोटांत पकडला, वर उचलला आणि सोलून आतला मऊ गाभा तेवढा खाल्ला. बाकीचं टाकून दुसरा देठ. गाईड हळू आवाजात म्हणाला, “ऊस खाल्ल्यावाणी खाती बघा.” मग पाण्यावरचे शेकडो काळे वारकरी पक्षी एकदम पळत सुटले, पाण्यावर पाय आपटत, पंख फडफडवत. थापटे आणि तलवार बदकं पाठोपाठ उठली. आम्ही सगळे बदकांकडे बघत होतो. तो मात्र आकाशाकडे बघत होता. “पाखरं उठली की वर बघायचं, ताई. दलदली भोवत्या आला असंल.” आणि होताच तो शिकारी पक्षी, पंख इंग्रजी व्हीसारखे धरून लव्हाळ्यावर तरंगत. हे पुस्तकात वाचून येत नाही. रोज पहाटे तिथे उभं राहिल्यानेच येतं. वनखात्याच्या प्रशिक्षणात नावं शिकलो, असं तो सांगत होता, पण नजर त्याची स्वतःची आहे.

गावात सांगतात की मारीच मृगाच्या मागे धावलेल्या रामाने इथूनच बाण सोडला. मृगव्याधेश्वराचं देऊळ त्याची खूण. गाईडने ही कथाही तितक्याच गंभीरपणे सांगितली, जितक्या गंभीरपणे बदकं सैबेरियाकडून येतात हे सांगितलं.

त्याच्या घरच्या बागेत चहा झाला. द्राक्षाचा मांडव डोक्यावर, खाली ठिबकच्या नळ्या. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घडांची विरळणी, डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या, मग फेब्रुवारी-मार्चला तोडणी. खायच्या द्राक्षाला मणी टपोरा हवा, वाईनच्या द्राक्षाला बारीक, जाड सालीचा चालतो, हा फरक त्याच्या वडिलांनी घड हातात घेऊन दाखवला. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. पारा फार उतरला की मणी तडकतात, म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. गंगापूरच्या गच्चीवर ग्लास धरणाऱ्याला हा धूर दिसत नाही.

तक्रारीचं बोलायचं तर अभयारण्याची जागा वाऱ्यावर सोडल्यासारखी वाटते. शहराचं सांडपाणी गोदावरीत येतं, त्यावर जलपर्णी पोसते आणि वाहत बंधाऱ्यात येऊन अडकते. उघडं उथळ पाणी कमी झालं की बदकं कुठे उतरणार? दुसरीकडे गाळ काढा, साठवण वाढवा अशी लाभक्षेत्रातली मागणी आहे आणि ती खोटी नाही. वर नाशिक, खाली जायकवाडी धरण. तिथला साठा पुरेसा नसला की वरून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो आणि वाद होतो. या ओढाताणीत पाणकोंबडीच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं. मला वाटतं आधी जलपर्णी काढावी आणि सांडपाणी अडवावं. त्यावर तरी कोणाचं दुमत नसावं. गाळाचा निर्णय पक्षीतज्ज्ञ आणि पाण्याचे हक्कदार शेतकरी एकत्र बसवून घ्यावा.

जायचं तर निफाडमार्गे जावं, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, आणि सूर्योदयाला तिथे पोहोचावं. गाईड अवश्य घ्यावा, कारण ते पैसे गावातच राहतात आणि पक्षी वाचवणारी माणसं त्यावर टिकतात. भडक कपडे आणि मोबाइलची गाणी नकोत. मार्चमध्ये पाणी ओसरू लागतं, पाहुणे पक्षी उत्तरेकडे निघतात आणि बागांत तोडणीची धांदल असते. ज्यांना पक्षी आणि द्राक्षं दोन्ही पाहायची असतील त्यांनी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरावा, आणि जमलं तर शनिवार-रविवार सोडून जावं.